ओहोटीवरचा विश्वास

प्रत्येक बंदराच्या शहराचा ओहोटीवर एक जुना विश्वास असतो. समुद्र दिवसातून दोनदा किनाऱ्याशी येतो, दोनदा मागे सरतो आणि मागे सरताना शहराची घाण आपल्याबरोबर घेऊन जातो, अशी ती श्रद्धा. कोळ्यांच्या वस्तीपासून महानगरांच्या नगरपालिकांपर्यंत सर्वांनीच ती कधी ना कधी बाळगलेली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बोस्टन शहराने तर ही श्रद्धा दगडचुन्यात बांधून काढली. १८७७ ते १८८४ या काळात तेथे सांडपाण्याची मोठी व्यवस्था उभारण्यात आली. शहराच्या गटारांतील पाणी पंपांनी उचलून बंदरातील मून आयलंड या बेटावर नेले जाई, तेथील प्रशस्त टाक्यांत साठविले जाई, आणि ओहोटी लागली की टाक्यांची दारे उघडली जात. घाण दृष्टीआड होई, आणि ती समुद्रार्पण झाली असे शहर समजून चाले.

त्या काळच्या मानाने ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. तिच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मात्र कोणी सोडविलेला नव्हता. बाहेर गेलेले पाणी नेमके जाते कोठे? त्यातील किती भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. ही शंभर वर्षे म्हणजे पाण्याला प्रश्न विचारण्याची विद्या माणसाने कशी संपादन केली, याचा इतिहास होय.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. समुद्रात बाटली सोडली तर ती एका मार्गाची हकीकत सांगते. उपसागरात मार्ग असंख्य असतात. पृष्ठभागावर वारा पाणी एकीकडे लोटतो, तर तळाशी ते दुसरीकडेच सरकत असते. नदीचे गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते, खारे पाणी जड म्हणून त्याच्याखाली शिरते. चिंचोळ्या खिंडीतून ओहोटीचे पाणी धारेसारखे वेगाने बाहेर पडते, भरतीच्या वेळी मात्र ते सर्व बाजूंनी गोळा होऊन आत येते. हा सारा व्यवहार डोळ्यांनी पाहणे अशक्य. तेव्हा समुद्राची लहान प्रतिकृती करून तिच्याकडून उत्तर घ्यावे, ही कल्पना पुढे आली.

ती प्रथम यशस्वीपणे अमलात आणली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने. मँचेस्टरला समुद्राशी जोडणाऱ्या जहाजी कालव्याचा वाद त्या सुमारास गाजत होता, आणि मर्सी नदीच्या मुखावर त्याचा काय परिणाम होईल याची लिव्हरपूलला चिंता लागलेली होती. १८८५ साली रेनॉल्ड्सने मर्सीच्या मुखाची एक प्रतिकृती तयार केली. तिच्यात एका मैलाला सुमारे दोन इंच एवढेच अंतर होते. खोली मात्र त्या मानाने पुष्कळच वाढविलेली होती, कारण एरवी पाणी कागदाच्या जाडीइतके पातळ झाले असते. या छोट्या समुद्रात एक भरती आणि एक ओहोटी पाऊण मिनिटाच्या आत उरकत असे. तळाशी पसरलेली सपाट वाळू हजारो भरत्यांनंतर आपोआप कापली गेली आणि तिच्यात खऱ्या मर्सीतल्यासारखे ओघ व वाळूचे बांध उमटले. टेबलावर मावणारे पाणीही खऱ्या पाण्याविषयी खरे बोलू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

दुसरा मार्ग होता आकडेमोडीचा. हॉलंडमध्ये झाउडरझी नावाचे उथळ आखात बांध घालून बंद करण्याचे १९१८ साली ठरले. त्याबरोबर भीती अशी उत्पन्न झाली की, आत शिरण्यास मज्जाव झालेले वादळी पाणी बांधाबाहेरच्या किनाऱ्यावर अधिक उंच चढेल आणि तेथील गावे बुडवील. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद हेन्ड्रिक लोरेंट्झ या नोबेल पारितोषिक विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाकडे देण्यात आले. लोरेंट्झने त्या समुद्रातील ओघांचे एक जाळे कल्पिले, प्रत्येक ओघासाठी गतीची समीकरणे मांडली, आणि सहकाऱ्यांसह आठ वर्षे हाताने हिशेब केला. १९२६ साली अहवाल आला. भरतीची उंची कोठे किती वाढेल आणि तटबंदी किती उंच करावी लागेल, हे त्यात सांगितलेले होते. मे १९३२ मध्ये बांध पुरा झाला, आणि भरतीचे पाणी लोरेंट्झने वर्तविल्याप्रमाणेच वागले. १९२८ साली निवर्तलेल्या त्या वृद्ध शास्त्रज्ञाला हे पाहावयास मात्र मिळाले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालत राहिले. प्रतिकृतीच्या मार्गाचा कळस सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो येथे १९५७ साली गाठला गेला. जॉन रेबर नावाच्या एका नाट्यव्यवस्थापकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दोन मोठे बांध घालून गोड्या पाण्याची सरोवरे करावीत, असा आराखडा मांडला होता आणि त्याला अनेकांचा पाठिंबाही मिळाला होता. आराखडा पारखण्यासाठी अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी एका विस्तीर्ण गोदामात सुमारे दीड एकराचा काँक्रीटचा उपसागर उभा केला. त्याच्यात एक पूर्ण दिवस पंधरा मिनिटांत संपे. तळाशी योग्य तेवढे घर्षण यावे म्हणून तांब्याच्या हजारो पट्ट्या उभ्या रोवलेल्या होत्या. या कृत्रिम समुद्राने आपला कौल दिला: रेबरच्या योजनेपासून अपेक्षित लाभ होणार नाही. योजना बारगळली, आणि खरा उपसागर बचावला.

पण या प्रतिकृतीलाही मर्यादा होत्या. गोदामात वारा वाहत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवाहांवर होणारा परिणाम दीड एकरात उतरत नाही. शिवाय प्रत्येक उपसागरासाठी नवे गोदाम बांधावे लागते. सर्वांत मोठी अडचण घाणीची. सांडपाण्यातील जंतू आणि त्यांनी चालविलेला कुजण्याचा व्यापार प्रतिकृतीच्या प्रमाणात लहान किंवा जलद होत नाही. पाण्यात पडलेली घाण तेथील प्राणवायू कसा खाऊन टाकते आणि हवेतून तो कसा भरून येतो, याचे गणित स्ट्रीटर व फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीच्या अभ्यासावरून १९२५ सालीच मांडले होते. ते एका दिशेने वाहणाऱ्या नदीपुरते होते. भरती-ओहोटीने पुढेमागे होणाऱ्या उपसागरात ते लावावयाचे, तर हिशेब हाताबाहेर जाई.

येथे गणकयंत्र मदतीस आले. कल्पना लोरेंट्झचीच, फक्त हात बदलले. उपसागराच्या नकाशावर चौकटींचे जाळे पसरावयाचे. प्रत्येक चौकटीत पाण्याची उंची, वेग, क्षार आणि घाण यांचे आकडे भरावयाचे. एका चौकटीतून जेवढे पाणी बाहेर जाईल तेवढे शेजारच्या चौकटीत जमा झाले पाहिजे, हा जमाखर्चाचा साधा नियम. आणि उतार, वारा, घर्षण यांनी पाण्याचा वेग कसा बदलतो, हा न्यूटनचा नियम. एवढ्या भांडवलावर यंत्र काही सेकंदांनंतरची किंवा मिनिटांनंतरची स्थिती काढते, तिच्यावरून त्यानंतरची, आणि असे करीत महिने व वर्षे पुढे नेते. हँबुर्गच्या वाल्टर हान्सेनने १९५६ च्या सुमारास उत्तर समुद्रातील वादळी भरतीचा हिशेब या रीतीने मांडून दाखविला. १९६७ साली यान लेंडर्ट्सेने अमेरिकेतील रँड या संस्थेत उपसागरांना लागू पडणारी पद्धती सिद्ध केली. पुढे ती न्यू यॉर्कच्या जमेका उपसागरातील पाण्याचे फिरणे आणि त्याचा दूषितपणा यांच्या अभ्यासासाठी वापरण्यात आली. मग ॲलन ब्लमबर्ग आणि जॉर्ज मेलर यांनी प्रिन्स्टन येथे चौकटींचे एकावर एक थर रचून खोलीचाही हिशेब धरणारी प्रतिकृती तयार केली. समुद्र आता सपाट नकाशा राहिला नाही. त्याला खोली प्राप्त झाली.

हे साधन तयार झाले त्याच सुमारास बोस्टनचा जुना विश्वास न्यायालयाच्या दारात उभा राहिला. मून आयलंडच्या टाक्यांच्या जागी १९५२ साली नट आयलंडवर आणि १९६८ साली डिअर आयलंडवर शुद्धीकरणाची केंद्रे आली होती. तथापि त्यांत केवळ प्राथमिक प्रक्रिया होई. घाण खाली बसू द्यावयाची आणि वरचे पाणी बंदरात सोडावयाचे, एवढेच. खाली बसलेला गाळही कुजवून ओहोटीबरोबर समुद्रातच सोडला जाई. म्हणजे कल्पना १८८४ चीच. १९७२ च्या संघीय कायद्याने जंतूंच्या साहाय्याने होणारी दुय्यम प्रक्रिया सक्तीची केली. त्यातून सवलत मिळावी म्हणून बोस्टनच्या प्रशासनाने अर्ज केला, आणि तो अखेर नाकारण्यात आला. या खटपटीत वर्षे गेली आणि केंद्रे जुनी होत मोडकळीस आली.

१९८२ साली बोस्टनशेजारील क्विन्सी शहराचे विधी अधिकारी विल्यम गोल्डन हे वोलॅस्टनच्या पुळणीवर धावावयास गेले असता त्यांच्या पायाखाली मानवी विष्ठा आली. ओहोटीने नेलेले भरतीने परत आणून ठेवले होते. क्विन्सीने दावा दाखल केला. पुढे पर्यावरणवादी संस्था आणि संघीय शासन यांनीही न्यायालयाची वाट धरली. १९८५ साली मॅसॅच्युसेट्स जलसंपदा प्राधिकरण ही नवी संस्था कामास लागली, आणि न्यायाधीश डेव्हिड मॅझोन यांनी प्रत्येक कामासाठी मुदत बांधून दिली. हे बंदर एवढे कुप्रसिद्ध झाले की १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांनी बोटीतून तेथे फेरी मारून, प्रतिस्पर्धी डुकाकिस यांच्या राज्यातील ही अवस्था प्रचाराचा विषय केली.

नवी योजना अशी ठरली: गाळ समुद्रात टाकणे बंद, डिअर आयलंडवर दुय्यम प्रक्रियेचे नवे केंद्र, आणि शुद्ध केलेले पाणी खडकातून खोदलेल्या सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्याने बाहेर नेऊन, मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात सुमारे ३० मीटर खोलीवर ५५ उभ्या नळ्यांवाटे सोडावयाचे. सगळ्या योजनेचा खर्च सुमारे ३८० कोटी डॉलर होता. तो मुख्यतः नागरिकांच्या पाणीपट्टीतून आला, आणि त्या पट्टीच्या वाढीने घराघरांतून तक्रारी उठल्या.

बोगद्याची वार्ता दक्षिणेस केप कॉडपर्यंत पोहोचली तेव्हा तेथील लोक अस्वस्थ झाले. त्यांचा प्रश्न रास्त होता. बोस्टन आपले अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात तर लोटीत नाही ना? उपसागरातील प्रवाह साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे केप कॉडकडेच वाहतो. सांडपाण्यातील नायट्रोजन हे शैवालाचे खत होय. शैवाल माजले आणि कुजले की तळाचा प्राणवायू नाहीसा होतो. मासेमारीवर आणि शिंपल्यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या भाकरीचा हा प्रश्न होता. शिवाय त्या पाण्यात दरवर्षी राइट व्हेल जातीचे देवमासे येत, आणि ही जात तर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आलेली. बोगदा थांबवावा, अशी मागणी जोर धरू लागली. प्राधिकरणाच्या शब्दावर शेजाऱ्यांचा विश्वास बसेना, आणि शेजाऱ्यांच्या भीतीला आकडा नव्हता.

अशा वेळी गणिती प्रतिकृतीला साक्षीसाठी बोलाविण्यात आले. केप कॉडवरच असलेल्या वुड्स होल येथील संघीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत रिचर्ड सिग्नेल व ब्रॅडफर्ड बटमन प्रमुख, ब्लमबर्ग-मेलर पद्धतीची प्रतिकृती या उपसागराला लावली. समुद्रात प्रत्यक्ष नांगरून ठेवलेल्या यंत्रांनी मोजलेल्या प्रवाहांशी तिची उत्तरे पडताळण्यात आली. मग तिच्यात एकदा सांडपाणी बंदरात सोडण्यात आले आणि एकदा नव्या ठिकाणी. आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवण्यात आली.

जुन्या पद्धतीत सगळ्या बंदरात सांडपाण्याचे सरासरी प्रमाण १ ते २ टक्के होते. नव्या पद्धतीत ते ०.१ ते ०.२ टक्क्यांवर, म्हणजे दहाव्या हिश्शावर येईल; आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक प्रमाण केवळ नव्या मुखाभोवतीच्या काही किलोमीटरांतच आढळेल, असे प्रतिकृतीने वर्तविले. उपसागराच्या बहुतेक भागात सरासरीत लक्षणीय फरक पडणार नाही. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. बंदरात सोडलेले पाणीही तेथे कायमचे कोंडून राहत नव्हते. भरती-ओहोटीच्या अनेक येरझारांनंतर ते अखेर याच उपसागरात जात होते. केप कॉडच्या दारात बोस्टनचे सांडपाणी नव्याने येणार नव्हते. ते पूर्वीपासूनच येत होते, फक्त वाटेत बंदराचा नाश करून येत होते.

आणखी एक गोष्ट प्रतिकृतीने सांगितली, जी वरून पाहणाऱ्याला कधीच सुचली नसती. उन्हाळ्यात समुद्राचा वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखा बसतो. तळाशी सोडलेले सांडपाणी वर चढू लागले तरी या झाकणाखालीच अडकेल. म्हणून शैवाल वाढण्याच्या त्या ऋतूत पृष्ठभागावर, मुखाच्या परिसरातसुद्धा, त्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमीच होईल. हिवाळ्यात झाकण नाहीसे होते, तेव्हा ते तळापासून वरपर्यंत मिसळेल.

हे सारे भविष्यकथन होते, आणि भविष्य सांगणाऱ्यावर केवळ तो यंत्र वापरतो म्हणून विश्वास ठेवावा असे नाही. या प्रकरणातील खरे शहाणपण पुढे दिसते. बोगद्याला परवाना देताना अशी अट घालण्यात आली की, समुद्राची सतत तपासणी करावयाची, कोणत्या घटकाचे प्रमाण किती झाले म्हणजे धोक्याची सूचना समजावयाची हे आधीच जाहीर करावयाचे, आणि स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या मंडळाने निष्कर्ष तपासावयाचे. थोडक्यात, साक्षीदाराची उलटतपासणी समुद्रानेच करावी, अशी योजना झाली.

काम सुखासुखी पार पडले नाही. जुलै १९९९ मध्ये, बोगदा संपत आला असताना, त्यातील नळ्यांची झाकणे काढण्यासाठी आत उतरलेले दोन पाणबुडे श्वसनयंत्रणा बंद पडल्याने मृत्यू पावले. ६ सप्टेंबर २००० रोजी बोगदा सुरू झाला. पुढील वर्षांच्या मोजमापांत बंदरातील अमोनियाचे प्रमाण झपाट्याने घटले आणि मुखाजवळच्या मर्यादित भागात ते वाढले. दूरच्या केप कॉडच्या उपसागरावर विपरीत परिणाम आढळला नाही. बंदराच्या पुळणींवर लोक पुन्हा पोहू लागले, आणि काही ठिकाणी तळाचे सागरी गवत परत आले.

कसोटीचा दिवस २००५ च्या मे महिन्यात आला. त्या वर्षी विषारी सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ, जिला लाल भरती म्हणतात, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर पसरली आणि शिंपल्यांचा व्यवसाय बंद ठेवावा लागला. साहजिकच बोटे बोगद्याकडे वळली. मोजमापे आणि प्रतिकृती यांच्या आधारे शोध घेतला असता आढळले की, हे शैवाल उत्तरेकडील मेनच्या आखातातून आले होते आणि त्या महिन्यातील ईशान्येच्या वादळांनी ते उपसागरात लोटले होते. बोगदा हे त्याचे मूळ नव्हते. आधारभूत नोंद हाताशी नसती, तर हा वाद केवळ आवाजाच्या जोरावर लढला गेला असता.

असे असले तरी प्रतिकृतीला जे श्रेय नाही ते देऊ नये. पाणी कोठे जाईल एवढेच ती सांगते. पाणी स्वच्छ करते ते शुद्धीकरण केंद्र, आणि ते उभारण्यास भाग पाडले कायद्याने व न्यायालयाने. घाण दूर नेऊन पातळ करा, एवढ्याच उद्देशाने कोणी प्रतिकृतीकडे गेला, तर ती त्यालाही निमूटपणे सोयीचे ठिकाण दाखवील. बोस्टनने आधी गाळ थांबविला, पाणी शुद्ध करण्याचे बंधन पत्करले, आणि मग ते कोठे सोडावे हे विचारले. हा क्रम महत्त्वाचा होय.

मराठी श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. मुंबईचे सांडपाणी वरळी आणि वांद्रे येथून समुद्रतळाखालील बोगद्यांनी तीन किलोमीटरांहून अधिक अंतरावर नेऊन सोडण्यात येते. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली आणि पुढे पुण्याजवळ खडकवासला येथे वाढलेली जल अनुसंधान संस्था मुंबई बंदराच्या काँक्रीटच्या प्रतिकृतींपासून संगणकावरील गणिती प्रतिकृतींपर्यंत हाच प्रवास करीत आलेली आहे. किनाऱ्यावर भराव, पूल आणि रस्ते यांची योजना होते तेव्हा पाण्याला प्रश्न विचारण्याची साधने येथेही आहेत. उत्तर जाहीरपणे तपासून पाहण्याची शिस्त मात्र साधनांबरोबर आपोआप येत नाही.

सॉसालिटोच्या काँक्रीटच्या उपसागरातील संशोधन २००० साली थांबले. संगणकाने त्याची जागा घेतली होती. आता तेथे शाळकरी मुले येतात आणि पंधरा मिनिटांचा दिवस पाहून जातात. त्याच वर्षी बोस्टनचा बोगदा सुरू झाला. रेनॉल्ड्सची वाळू, लोरेंट्झची आकडेमोड आणि वुड्स होलच्या चौकटींचे जाळे या तिघांनी मिळून एक साधी गोष्ट शिकविली. ओहोटी काही घेऊन जात नाही. ती फक्त हलविते. जे पाण्यात सोडले ते कोणाच्या तरी किनाऱ्याला लागतेच, आणि तो किनारा कोणाचा हे सोडण्यापूर्वी विचारणे हे शहराचे कर्तव्य होय.